व्हॅक्यूमची डबी फेकू नका

जुन्या स्पोर्ट्स गाड्यांच्या जगात एक सल्ला इतक्या सहज दिला जातो की तो कुणी तपासूनच पाहत नाही. एमजीबी, ट्रायम्फ स्पिटफायर किंवा त्याच काळातली दुसरी एखादी ब्रिटिश गाडी नीट पिकअप घेत नसेल, तर जुना लुकास डिस्ट्रिब्युटर काढून टाका, त्याजागी व्हॅक्यूम ॲडव्हान्स नसलेला नवा बसवा, आणि मग फरक बघा, असा तो सल्ला. त्याच्या पाठीशी तीन विधानं उभी केली जातात. एक, व्हॅक्यूम ॲडव्हान्स हे प्रदूषणाच्या कायद्यांमुळे इंजिनावर लादलेलं ओझं आहे. दोन, शर्यतीच्या गाड्यांत ते नसतं, म्हणून वेगाची आवड असणाऱ्याला त्याची गरज नाही. तीन, चाळीस-पन्नास वर्षं झिजलेल्या भागापेक्षा नवा भाग चांगलाच असणार. पहिलं विधान इतिहासाला धरून नाही. दुसरं अर्धंच खरं आहे. तिसरं खरं वाटतं ते डिस्ट्रिब्युटरचं मुख्य काम नजरेआड केल्यामुळे. डिस्ट्रिब्युटर बदलण्याला माझा विरोध नाही. इंजिनाला कोणत्या वेगाला, कोणत्या भाराला, किती लवकर ठिणगी लागते हे न पाहता तो बदलण्याला माझा विरोध आहे, आणि रस्त्यावर चालणाऱ्या बहुसंख्य गाड्यांतून व्हॅक्यूमची डबी काढणं म्हणजे चांगल्या इंजिनाचं नुकसान करणं आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

डिस्ट्रिब्युटर म्हटलं की डोळ्यांपुढे येते ती काळी टोपी, तिच्यातून निघणाऱ्या जाड वायरी आणि आत फिरणारा रोटर. चार सिलिंडरांना पाळीपाळीने करंट वाटणं हे त्याचं दिसणारं काम. ते तुलनेने सोपं आहे, आणि कुठलाही धड बनवलेला डिस्ट्रिब्युटर ते करतो. अवघड काम टोपीखाली, ठिणगीसाठी करंट तोडणाऱ्या पॉइंटांच्या पाटीच्याही खाली चालतं. प्लगवर ठिणगी पडली की सिलिंडरमधलं मिश्रण एका क्षणात भडकून जात नाही. ज्योत प्लगपासून निघून पसरत जाते, आणि त्याला काही हजारांश सेकंद लागतात. पिस्टनवरचा सर्वाधिक दाब, पिस्टन वरच्या टोकाला म्हणजे टीडीसीला पोहोचून क्रँक साधारण 12 ते 17 अंश पुढे गेलेला असताना आला, तर त्या दाबातून जास्तीत जास्त काम निघतं. तो आधी आला तर वर येणाऱ्या पिस्टनला विरोध होतो आणि नॉकिंगची भीती असते. उशिरा आला तर पिस्टन आधीच खाली निघालेला असतो, दाब वाया जातो, आणि जळणाची उष्णता क्रँक फिरवण्याऐवजी एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, मॅनिफोल्ड आणि रेडिएटर तापवते. म्हणून ठिणगी टीडीसीच्या आधी पाडावी लागते. किती आधी, म्हणजेच किती ॲडव्हान्स, हे ठरवणारा हिशोब डिस्ट्रिब्युटर करतो. वजनं, स्प्रिंगा आणि एक रबरी पडदा एवढ्या सामग्रीवर तो प्रत्येक ठिणगीला हे गणित सोडवतो.

या गणितात दोन चल आहेत. पहिला चल इंजिनाचा वेग. मिनिटाला 1000 फेरे असताना क्रँक एका मिलिसेकंदात 6 अंश फिरतो. 3000 फेऱ्यांना तो तेवढ्याच वेळात 18 अंश फिरतो. ज्योत पसरायला समजा दोन मिलिसेकंद लागले, तर पहिल्या वेगाला 12 अंश गेले आणि दुसऱ्या वेगाला 36. प्रत्यक्षात वेग वाढला की सिलिंडरमधली हवा जास्त घुसळली जाते आणि मिश्रण थोडं लवकर जळतं, म्हणून लागणारा ॲडव्हान्स सरळ रेषेत वाढत नाही. एका टप्प्यानंतर तो जवळजवळ थांबतो. डिस्ट्रिब्युटरमधली दोन वजनं वेगाबरोबर बाहेर फेकली जातात, स्प्रिंगा त्यांना आवरतात, आणि या ओढाताणीतून कॅम पुढे सरकतो. दोन स्प्रिंगांची ताकद बहुधा मुद्दामच वेगवेगळी ठेवलेली असते, म्हणजे सुरुवातीला ॲडव्हान्स भराभर वाढतो आणि पुढे सावकाश. हा मेकॅनिकल ॲडव्हान्स. नव्या डिस्ट्रिब्युटरची भलामण करणारे याच्याबद्दल बोलतात आणि इथेच थांबतात.

दुसरा चल म्हणजे भार, आणि सगळा वाद त्याच्यावरून आहे. थ्रॉटल पूर्ण उघडा असताना सिलिंडर मिश्रणाने भरतो. आवळल्यावर ते दाट होतं, आणि दाट मिश्रण लवकर जळतं. थ्रॉटल जेमतेम उघडा असेल, तर सिलिंडरमध्ये थोडंच ताजं मिश्रण शिरतं आणि त्यात मागच्या फेऱ्यातल्या जळालेल्या वायूचं प्रमाण वाढतं. असं विरळ, भेसळ झालेलं मिश्रण सावकाश जळतं. वेग तोच असला तरी ठिणगी आता बरीच आधी हवी. वजनांना हे कळण्याचा कोणताही मार्ग नाही; त्यांना फक्त फेरे कळतात. भार कळतो तो मॅनिफोल्डमधल्या व्हॅक्यूमवरून. थ्रॉटल मिटत आला की व्हॅक्यूम वाढतो, पूर्ण उघडला की जवळजवळ नाहीसा होतो. डिस्ट्रिब्युटरच्या कुशीला लागलेल्या डबीतला पडदा या व्हॅक्यूमने ओढला जातो, पॉइंटांची पाटी फिरते आणि ठिणगी लवकर पडते. पाय दाबला की व्हॅक्यूम जातो, पाटी परत फिरते आणि नॉकिंग टळतं. म्हणजे ॲडव्हान्स मिळतो तो नेमका तिथे, जिथे इंजिनाला तो हवा असतो आणि सोसतो.

प्रदूषणाच्या कायद्यांनी हे यंत्र लादलं, या दाव्याला कालक्रमच उत्तर देतो. 1908 ते 1927 या काळात बनलेल्या फोर्ड मॉडेल टीच्या स्टिअरिंगखाली दोन दांडे होते. उजवा थ्रॉटलचा, डावा ठिणगीचा. चढ लागला, इंजिनावर ताण आला की ड्रायव्हर ठिणगी मागे घ्यायचा. सपाट रस्त्यावर गाडी मोकळी धावू लागली की पुढे. वेग आणि भार हे दोन्ही चल माणूस हाताने सांभाळत होता. पुढे वेगाचा भाग वजनांनी उचलला आणि 1930च्या दशकात भाराचा भाग व्हॅक्यूमने. वाहनांच्या धुरावर मर्यादा घालणारे अमेरिकेचे पहिले देशव्यापी नियम लागू झाले ते 1968च्या मॉडेलांपासून. एमजीबी ॲबिंग्डनच्या कारखान्यातून 1962 साली बाहेर पडली, ती व्हॅक्यूमची डबी घेऊनच. सहा वर्षांनी येणाऱ्या नियमासाठी कोणी आधीच पुर्जा बसवून ठेवत नाही. उलट, पुढे प्रदूषण कमी करण्यासाठी अनेक कारखान्यांनी ठिणगी मागे ओढली. काहींनी व्हॅक्यूमची नळी अशा ठिकाणी जोडली की गाडी उभी असताना ॲडव्हान्स मिळू नये, काहींनी उलट काम करणारी, म्हणजे ठिणगी मागे नेणारी डबी लावली. कायद्याने केलं ते हे: चांगल्या यंत्रात खोडा घातला. खोडा काढायचा तर यंत्रच फेकून देण्याचं कारण काय?

आता खुद्द एमजीबीचे आकडे पाहू, कारण सल्ल्याचा कस आकड्यांवर लागतो. 1798 सीसीचं बी-सिरीज इंजिन, सुरुवातीच्या गाड्यांत दोन एसयू कार्बोरेटर, 95 अश्वशक्ती, आणि लुकासचा 25डी4 डिस्ट्रिब्युटर. जुन्या गाड्यांचं इंजिन उभं असतानाचं टायमिंग टीडीसीच्या आधी 10 अंश. वजनांचा कमाल ॲडव्हान्स क्रँकच्या मापात सुमारे 20 अंश. म्हणजे थ्रॉटल पूर्ण उघडून इंजिन ताणलं तर एकूण 30च्या आसपास. व्हॅक्यूमच्या डबीची कुवत आणखी सुमारे 20 अंशांची. हलक्या पायाने गाडी चालवताना हा आकडा 40च्या पुढे, कधी 50च्या जवळ जातो. ऐकायला भयंकर वाटतं, पण अर्ध्या रिकाम्या सिलिंडरला तेवढं लागतंच. टॉप गिअरमध्ये ओव्हरड्राइव्हशिवाय 3000 फेऱ्यांना ही गाडी ताशी 85 किलोमीटरच्या आसपास असते. सपाट रस्त्यावर त्या वेगाला तिला आपल्या ताकदीचा चौथा हिस्सासुद्धा लागत नाही. हौशी माणसाची एमजीबी आयुष्यातला बहुतेक काळ याच अवस्थेत धावते. डबी काढली की नेमक्या या अवस्थेत ठिणगी 10 ते 20 अंश उशिरा पडू लागते. इंजिन बंद पडत नाही, मिसिंगही करत नाही. ते फक्त जास्त तापतं, जास्त पेट्रोल पितं, आणि पायाखाली मंद लागतं. मालक तेवढ्यासाठी थ्रॉटल थोडा जास्त दाबतो आणि तेच सवयीचं होऊन जातं. बिघाड इतका गुपचूप असतो, म्हणूनच हा सल्ला इतकी वर्षं टिकला.

यावर हमखास येणारं उत्तर असं: व्हॅक्यूम नाही तर नाही, डिस्ट्रिब्युटर थोडा फिरवून मूळचं टायमिंगच पुढे घ्या, भरपाई होईल. होत नाही. दहाऐवजी वीस अंशांवर टायमिंग ठेवलं तर सावकाश जाताना थोडा फायदा मिळेल, पण ते दहा अंश सगळीकडेच वाढतात. स्टार्टर मारताना इंजिन उलटा धक्का देऊ लागतं. टॉप गिअरमध्ये कमी फेऱ्यांवर पाय दाबला की नॉकिंग सुरू होतं. आणि सर्वांत वाईट म्हणजे वरच्या वेगाला, पूर्ण थ्रॉटलवर, एकूण ॲडव्हान्स 40ला जातो. वाऱ्याच्या आणि एक्झॉस्टच्या आवाजात तिथलं नॉकिंग उघड्या गाडीत ऐकूही येत नाही. पिस्टनची कड उडाली किंवा हेड गॅस्केट गेलं म्हणजे मग कळतं. भारानुसार बदलणारी गोष्ट एका ठरावीक आकड्याने भागवायला गेलं की एक टोक सांभाळताना दुसरं सुटतं. हे टाळण्यासाठीच ती डबी आहे.

हा प्रयोग एका दुसऱ्या घराण्यात मोठ्या प्रमाणावर होऊन गेला आहे. हवेने थंड होणाऱ्या फोक्सवागन इंजिनांवर, बीटल आणि तिच्यावर बेतलेल्या कार्मन घियामध्ये, बॉशचा एक डिस्ट्रिब्युटर बसवण्याची प्रथा पडली. भाग क्रमांकाच्या शेवटच्या तीन आकड्यांवरून त्याला जगभर 009 म्हणतात. तो स्वस्त होता, सहज मिळायचा, त्यात व्हॅक्यूम नव्हता, आणि जुन्या पोर्शांच्या डिस्ट्रिब्युटरशी त्याचं साम्य दिसत असल्यामुळे त्याला एक रुबाब चिकटला. पण मुळात तो हौशी चालकाच्या कारसाठी घडवलेला नव्हता. व्यावसायिक वाहनं आणि औद्योगिक इंजिनं, म्हणजे बराच वेळ ठरावीक भाराखाली चालणारी यंत्रं, हे त्याचं क्षेत्र. बीटलच्या मूळ कार्बोरेटरसोबत तो बसवला की थांबलेली गाडी सोडताना एक ठळक खोच जाणवते: पाय दाबल्यावर क्षणभर काहीच होत नाही. मालकांनी कार्बोरेटरचे जेट मोठे केले, पंपाचा फवारा वाढवला, मिश्रण गडद केलं. मूळ दोष ठिणगीचा, आणि उपचार चालला पेट्रोलवर. आज त्या गाड्यांचे जाणकार व्हॅक्यूम असलेला डिस्ट्रिब्युटर परत बसवायला सांगतात. त्या घराण्याने भरलेली किंमत ब्रिटिश गाड्यांच्या मालकांनी पुन्हा भरायची गरज नाही.

शर्यतीचा दाखला मात्र गंभीरपणे घेतला पाहिजे, कारण त्यात तथ्य आहे. शर्यतीची गाडी एकतर पूर्ण थ्रॉटलवर असते किंवा ब्रेकवर. पूर्ण थ्रॉटलवर व्हॅक्यूम नसतो, म्हणजे डबी असली काय, नसली काय, सारखंच. शिवाय जिथे प्रत्येक सिलिंडरला स्वतःचा कार्बोरेटर-गळा आहे, जसे वेबरचे दोन गळ्यांचे आडवे कार्बोरेटर, तिथे एका नळीत मिळणारा व्हॅक्यूम तुटक आणि दुबळा असतो. त्यावर पडदा नीट चालत नाही. म्हणून वेबर असलेल्या लोटस एलाननं व्हॅक्यूम वापरला नाही, सुरुवातीच्या पोर्श 911नेही नाही, आणि तो निर्णय त्या इंजिनांपुरता योग्य होता. मिनी कूपर एसचं उदाहरण याहून अवघड आहे. तिला दोन एसयू होते, ती रस्त्यावर विकली गेली, आणि तरी लुकासने तिला 23डी4 दिला. हा 25डी4चाच भाऊ, व्हॅक्यूम नसलेला. मग एमजीबीला का चालू नये? कारण कूपर एस ही रॅलीसाठी जन्मलेली गाडी होती. तिचे इंजिनकार पेट्रोलचा खप आणि संथ चालीतला गुळगुळीतपणा देऊन साधेपणा आणि भरवसा विकत घेत होते. आणि महत्त्वाचं म्हणजे त्यांनी 23डी4मधली वजनं आणि स्प्रिंगा त्या इंजिनासाठी निवडल्या होत्या. दुसऱ्या कुठल्या गाडीच्या डिस्ट्रिब्युटरची डबी तोडून त्यांनी तो बसवला नव्हता. व्हॅक्यूम नको असं त्यांनी ठरवलं ते हिशोब करून. आज बाजारात मिळणारा, एकच ॲडव्हान्स घेऊन मिनी, मिजेट, स्पिटफायर आणि एमजीबी सगळ्यांना चालतो असं सांगितला जाणारा डिस्ट्रिब्युटर कोणत्या इंजिनाचा हिशोब करून आला आहे? 998 सीसीचा आणि 1798 सीसीचा, लहान कॅमशाफ्टचा आणि मोठ्याचा, एकच कसा असेल?

तिसरा मुद्दा झिजेचा. इथे विरोधकांची बाजू मला पुष्कळ मान्य आहे. जुन्या डिस्ट्रिब्युटरचा बुश झिजतो, शाफ्ट डुलू लागतो आणि पॉइंट उघडण्याची वेळ प्रत्येक फेऱ्याला थोडी बदलते. पॉइंटांची टाच झिजली की गॅप कमी होते आणि टायमिंग आपोआप मागे जातं. स्प्रिंगा ताणल्या की ॲडव्हान्स नको तेवढ्या लवकर येतो. वजनं गंजून अडकली की येतच नाही. नव्याने बनणाऱ्या कंडेन्सरांचा दर्जा घसरला आहे, आणि खिळा ठोकलेल्या स्वस्त रोटरमधून करंट खाली शाफ्टात उतरल्याच्या तक्रारी सर्वदूर आहेत. पण या यादीतून निघणारा निष्कर्ष डिस्ट्रिब्युटर दुरुस्त करा असा आहे, डबी काढा असा नाही. आणखी एक गोष्ट. नव्या डिस्ट्रिब्युटरने गाडी सुधारली असं सांगणारे बहुधा प्रामाणिकपणेच सांगतात. पण त्यांची तुलना कोणाशी होते? जुन्या गाड्यांत त्या डबीतला पडदा फाटलेला असणं अगदी नेहमीचं आहे. म्हणजे त्या गाडीला कित्येक वर्षं व्हॅक्यूम ॲडव्हान्स नव्हताच, वर वजनं अडकलेली, टायमिंग कुणीतरी कानाने लावलेलं. अशा डिस्ट्रिब्युटरच्या जागी काहीही नवं बसवलं, आणि ते बसवताना टायमिंग लाइटने टायमिंग लावलं, तर गाडी सुधारणारच. ते श्रेय नव्या सामानाचं नाही, टायमिंग बरोबर लागल्याचं आहे. धडधाकट 25डी4शी तुलना केल्याशिवाय त्या अनुभवाला पुरावा म्हणता येत नाही.

पडदा तपासायला तर काही लागतही नाही. टोपी काढा, डबीची नळी कार्बोरेटरकडून सोडवा, तोंडाने हवा ओढा. पॉइंटांची पाटी फिरली पाहिजे, आणि नळीचं टोक जिभेने बंद केल्यावर जागेवर टिकली पाहिजे. हलली नाही किंवा परत घसरली, तर डबी बदला. ती सुटी मिळते. नवी घेताना तिच्यावर कोरलेले आकडे वाचा. लुकास तीन आकडे देतो: किती इंच पाऱ्याच्या व्हॅक्यूमला काम सुरू होतं, कितीला संपतं, आणि डिस्ट्रिब्युटरच्या मापात किती अंश मिळतात. हे शेवटचं माप नीट लक्षात ठेवावं, कारण डिस्ट्रिब्युटर क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो. तिथले 10 अंश म्हणजे क्रँकवर 20. या दुपटीच्या घोळातून असंख्य चुकीच्या डब्या आणि चुकीची वजनं बसवली गेली आहेत. आणि नळी कुठून येते तेही पाहा. जुन्या एमजीबींना ती कार्बोरेटरच्या थ्रॉटलजवळच्या छिद्रातून येते, पुढच्या काळातल्या गाड्यांना मॅनिफोल्डवरून. एका काळाची डबी दुसऱ्या काळाच्या नळीला जोडली की दोन्ही भाग मूळचे असूनही जोडी चुकते.

इलेक्ट्रॉनिक इग्निशनवाल्यांशी माझं भांडण नाही, फक्त दोन वेगळ्या वस्तूंना ते एकच नाव देतात, तिथे अडतं. पहिली वस्तू म्हणजे पॉइंट आणि कंडेन्सर काढून त्याजागी बसणारं छोटं चुंबकी मॉड्यूल. ते चांगलं आहे. टाच झिजण्याचा प्रश्न मिटतो, कंडेन्सरची कटकट जाते, ठिणगी स्थिर होते. पण ते ठिणगी केव्हा पाडायची हे ठरवत नाही. ते काम अजून त्याच जुन्या वजनांकडे आणि त्याच डबीकडे असतं, आणि ती बिघडलेली असतील तर मॉड्यूल चुकीच्या वेळी पक्की ठिणगी पाडत राहील. दुसरी वस्तू म्हणजे वजनं-स्प्रिंगा नसलेला, आतल्या चिपमध्ये ॲडव्हान्सचे आकडे साठवणारा डिस्ट्रिब्युटर, जसा हॉलंडमध्ये बनणारा 123. त्यातल्या काही प्रकारांना व्हॅक्यूमची नळी असते, ते भार मोजतात आणि त्यानुसार ॲडव्हान्स देतात. असा डिस्ट्रिब्युटर योग्य आकडे भरून बसवला, तर तो लुकासपेक्षा नक्कीच अचूक आहे, आणि मी त्याचं मनापासून समर्थन करीन. पण त्याच्या निर्मात्यांनी व्हॅक्यूमची सोय ठेवली, यातूनच व्हॅक्यूम कालबाह्य झाल्याचा दावा कोसळतो. आजच्या प्रत्येक पेट्रोल गाडीचा संगणक हवेचा दाब किंवा प्रवाह मोजून भारानुसार ठिणगी पुढे-मागे करतो. म्हणजे उद्योगाने व्हॅक्यूम ॲडव्हान्सची कल्पना सोडली नाही, फक्त रबरी पडद्याच्या जागी सेन्सर बसवला. ती कल्पना नको म्हणणारा गाडीला 1930च्या मागे नेतो आहे, आणि त्या काळातला ठिणगीचा दांडासुद्धा तिथे उरलेला नाही.

एक आक्षेप असाही आहे की मूळ आकडे आज गैरलागू आहेत, कारण पेट्रोलच बदललं. हा विचारी आक्षेप आहे. ब्रिटनमध्ये ही इंजिनं 97 ऑक्टेनच्या शिसंयुक्त फोर-स्टार पेट्रोलवर बेतलेली होती. ते 2000 सालापासून सर्वसाधारण विक्रीतून गेलं. 2021च्या सप्टेंबरपासून तिथे साध्या पेट्रोलमध्ये 10 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, आणि आपल्याकडे आता 20 टक्क्यांचं. इथेनॉलला जळायला पेट्रोलपेक्षा कमी हवा लागते, म्हणून जेट किंवा सुई न बदलता ते वापरलं तर मिश्रण विरळ होतं. तेव्हा आधी कार्बोरेटरचं मिश्रण नीट करावं आणि मग टायमिंगला हात लावावा. कारखान्याचा आकडा शिळा झाला असेल हेही मान्य. अमेरिकेसाठी बनलेल्या 1975 नंतरच्या एमजीबींना, ज्यांना एकच झेनिथ-स्ट्रॉमबर्ग कार्बोरेटर होता आणि ज्यांच्या ॲडव्हान्सवर नियमांचं दडपण होतं, जुन्या ब्रिटिश गाड्यांचा ॲडव्हान्स देणं ही मी खरी सुधारणा मानतो. पण या सगळ्यातून निघतं ते हे की आपल्या इंजिनाला, आपल्या पेट्रोलला जुळेल असा ॲडव्हान्स शोधून घ्यावा. सगळ्यांना एकच माप देणारा, भार न ओळखणारा डिस्ट्रिब्युटर हे त्या शोधाच्या अगदी उलट टोक आहे.

महाराष्ट्रातल्या वाचकाला हा विषय दूरचा वाटू नये. हिंदुस्तान मोटर्सच्या अँबेसेडरमध्ये दीर्घकाळ चाललेलं 1489 सीसीचं पेट्रोल इंजिन हे याच बी-सिरीज घराण्यातलं, एमजीए या स्पोर्ट्स गाडीने 1955 साली घेतलेल्या इंजिनाचं सख्खं भावंड. त्याचे डिस्ट्रिब्युटर आपल्याकडे लुकास-टीव्हीएसने बनवले. त्यामुळे इथे एखादी एमजीए किंवा एमजीबी दुरुस्तीला आली की अँबेसेडरचा डिस्ट्रिब्युटर काढून तिला लावण्याचा मोह समजू शकतो. सुटे भाग हाताशी असतात, मिस्त्रीचा हात त्यावर बसलेला असतो. पण टॅक्सीत सहा माणसं घेऊन कमी दाबावर, एका कार्बोरेटरवर, संथ गतीने चालणाऱ्या इंजिनाचा ॲडव्हान्स आणि दोन एसयू घेऊन 5500 फेऱ्यांपर्यंत चढणाऱ्या इंजिनाचा ॲडव्हान्स एक नसतो. बूड जुळलं म्हणजे हिशोब जुळला असं होत नाही. उलट आपल्या मिस्त्रींना बुश बदलणं, वजनं मोकळी करणं, शाफ्ट घासून घेणं ही कामं हातखंडा येतात; परदेशात त्यासाठी गाडीमालकाला खास कारागीर शोधावा लागतो. त्या कौशल्याला डबी, स्प्रिंग आणि टायमिंग लाइट यांची जोड दिली, तर मूळ डिस्ट्रिब्युटर इथे जितका स्वस्तात आणि चांगला सुधारेल तितका क्वचितच कुठे सुधारेल.

म्हणून डिस्ट्रिब्युटर विकत घ्यायला निघालेल्याला एक विनंती आहे. विकणाऱ्याला विचारा: या डिस्ट्रिब्युटरच्या वजनांचा ॲडव्हान्स कोणत्या वेगाला सुरू होतो, कोणत्या वेगाला संपतो, कमाल किती अंश, आणि भारासाठी याच्यात काय सोय आहे? ते आकडे तुमच्या इंजिनाच्या वर्कशॉप मॅन्युअलशेजारी ठेवा. बसवल्यावर व्हॅक्यूमची नळी सोडवून, तिचं तोंड बंद करून, टायमिंग लाइटने वरच्या वेगाचा एकूण ॲडव्हान्स मोजा. एमजीबीसाठी तो 30 ते 34च्या दरम्यान असावा. मग नळी जोडा, आणि ती जोडलेलीच ठेवा. ज्याच्याकडे या प्रश्नांची उत्तरं नाहीत त्याच्याकडून डिस्ट्रिब्युटर घेऊ नका, तो कितीही चकचकीत आणि कितीही स्वस्त असला तरी.